पहिल्या वाटीचं तेल

लतीफचाचा,

आज तुमचा चाळिसावा झाला. तुमच्या अंगणात बसून जेवलो, चाचींशी बोललो, भट्टीवर जाऊन आलो, आणि आता घरी येऊन कागद पुढं ओढला आहे तो तुमच्याशी भांडायला. गेलेल्या माणसाबद्दल चांगलंच बोलावं म्हणतात. ते बाकीच्यांनी बोलून झालं. तुम्ही पाच वेळचे नमाजी होता, दिलदार होता, धाराशिवच्या आसपास तुमच्यासारखं रोशा गवताचं तेल काढणारा दुसरा कोणी नव्हता, हे सगळं अंगणात दहा वेळा ऐकलं आणि दहाही वेळा मान हलवली. पण मला संताप आलेला आहे. अकरा महिने तुम्ही माझ्याशी बोलला नाहीत. मग मरून गेलात. आणि माझ्या प्रश्नाचं उत्तर कोळशानं भिंतीवर लिहून ठेवलंत, तेही कोणी दाखवल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. असं कुणी करतं का?

आपली ओळख झाली ती वासामुळं. मी कळंबहून नुकताच इथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवायला आलो होतो. आधी निजामाचा मुलूख, मग हैदराबाद राज्य, मग मुंबई, मग महाराष्ट्र, एवढ्या पाट्या बदलल्या तरी आमच्या प्रयोगशाळेत एक काटा, चार परीक्षानळ्या आणि फुटक्या तोंडाची एक काचेची हंडी एवढंच होतं. रविवारी वेळ जाईना म्हणून सायकलवर तेरच्या रस्त्याला निघालो आणि ओढ्याशी वासानं थांबवलं. तुमची तांब्याची देग चुलाणावर चढलेली, तिच्यात गवत आणि पाणी, तोंड चिकणमातीनं लिंपलेलं. वाफ बांबूच्या नळीतून ओढ्याच्या पाण्यात बुडवलेल्या भपक्यात, म्हणजे तांब्याच्या घागरीत, उतरत होती आणि तिथं थंड होऊन पाण्यावर पिवळसर तेल तरंगत होतं. तुम्ही ते पळीनं अलगद टिपत होता. मी शहाणपणानं विचारलं, की एवढ्या उघड्या कारभारात निम्मा वास हवेतच जात असेल ना?

तुम्ही माझ्याकडं असं बघितलंत की मीच गवत चोरायला आलो आहे.

"माज्या भट्टीतून थेंब जात न्हाय मास्तर," तुम्ही म्हणालात. "जातं ते त्याच्या आधीच. गवत रानात उभं असतंय तवाच. ऊन चढलं की निम्मं रिकामं हुतंय. म्हणून तर आमी अंधारात कापतो."

परत येताना सायकलवर ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. महिन्याभरापूर्वीच पुण्याच्या माझ्या जुन्या प्राध्यापकांचं पत्र आलं होतं. त्यांनी लिहिलं होतं, परदेशातले शास्त्रज्ञ आता विचारू लागले आहेत की जगातली सगळी झाडंझुडपं मिळून हवेत किती वायू सोडत असतील. डोंगरावर लांबून जो निळसर पडदा दिसतो, तो कदाचित याचाच असेल. गिरण्यांच्या धुराड्यांचा धूर सगळे मोजतात, झाडांचं कुणी मोजत नाही. मोजायचं कसं तेच कुणाला माहीत नाही. मी त्याच दिवशी उलट टपाली कळवलं: मोजणारा माणूस मला सापडला आहे.

मग चार हंगाम आपण ते केलं. लोक मला 'वासमास्तर' म्हणायला लागले आणि हेडमास्तरांनी एकदा सगळ्यांसमोर विचारलं, की पोरांचा अभ्यास कधी हुंगणार. मला त्याचं काही वाटलं नाही, कारण आपली रीत साधी आणि पक्की होती. टेकडीच्या उतारावरचा एकच पट्टा घ्यायचा. अर्धा सूर्य उगवायच्या आधी कापायचा, अर्धा ऊन डोक्यावरून कलल्यावर. मी वजन करायला निघालो होतो. तुम्हीच म्हणालात, सकाळच्या गवतावर दव असतं, काट्यावर पाणीच चढेल, पेंढ्या मोजा. सारख्या पेंढ्या, सारखी आच. सकाळचं तेल वेगळ्या बाटलीत, दुपारचं वेगळ्या. सकाळच्यातून दुपारचं वजा केलं की मधल्या वेळात हवेत किती गेलं ते कळतं. तुम्हाला लिहायला यायचं ते उर्दूत, मला ती वाचता येईना, म्हणून सकाळच्या बाटलीच्या गळ्याला पांढरा दोरा आणि दुपारच्या बाटलीला काळा. दर रविवारी मी शाळेचा काटा सायकलला बांधून आणायचो आणि आठवड्याच्या बाटल्या मोजायचो.

रविवारी, चाचा. मी पोचायचो तेव्हा हातभर सूर्य वर आलेला असायचा आणि सकाळची देग उतरलेली असायची. चार वर्षांत एकदाही मी पहाटे आलो नाही. पोरांना मी दर वर्षी फळ्यावर लिहून देतो, की प्रयोग स्वतःच्या डोळ्यांनी बघावा. माझा राग तुमच्यावर आहे तसाच या मास्तरवरही आहे, पण त्याला मी रोज आरशात बघतो. तुम्ही सापडत नाही.

एका टेकडीवरून जगावर कसं जायचं यावरून आपली भांडणं व्हायची ती आठवली की आजही मला हसू येतं आणि लगेच राग येतो. भट्टीपुढच्या पोत्यावर मी शाळेचा नकाशासंग्रह पसरायचो आणि चौकोनी कागद ठेवून जंगलं मोजायचो. आफ्रिकेचे एवढे चौकोन, ब्राझीलचे एवढे. मी झाडांचे तीन वर्ग केले होते: गवत, पीक, जंगल. तुम्ही चहाची बशी खाली ठेवून म्हणालात की हे वर्ग सरकारी आहेत, झाडांचे नाहीत. तुमच्या हिशोबानं झाडं तीन जातीची: एक रोज उन्हाला वास देणारी, एक चोळल्याशिवाय काही न देणारी, आणि एक नुसतीच गप्प, ज्यांचा वास येत नाही पण दुपारी त्यांच्याखाली बसलं की डोकं जड होतं. त्यांनापण धरा, तुम्ही म्हणालात. मी विचारलं, ज्याचा वासच नाही ते धरायचं कसं? मग तुम्ही समुद्रावर गेलात. समुद्रात शेवाळ असतंय का न्हाय? असतंय. मग त्याचे चौकोन कुठं हायत? हैदराबादच्या पलीकडं कधी न गेलेला माणूस मला समुद्राचे चौकोन विचारत होता. मी चिडून नकाशा मिटला. समुद्राचे चौकोन अजूनही मोजलेले नाहीत.

आणि तो शब्द. हवेत जाणाऱ्या तेलाला मी वहीत 'तूट' लिहायचो. तुम्हाला तो शब्द डाचायचा. "तूट म्हणू नका मास्तर. गवतानं हवेला दिलं. देणं आन् तूट एक असतंय व्हय?" मी सांगायचो की शास्त्रात देणं-बिणं काही नसतं. तुम्ही म्हणायचात, मग शास्त्रात कमी हाय. आणि आकडा काढला की दर वेळी तुमचं ठरलेलं: कमी लिहिताय. याहून जास्त जातंय. मी विचारायचो, कशावरून? तुम्ही नाकावर बोट ठेवायचात. मी म्हणायचो, नाक हा पुरावा नव्हे, काटा हा पुरावा. नाकापेक्षा मोती जड करू नका. हा विनोद मी निदान वीस वेळा केला असेल.

मग गेल्या डिसेंबरात पुण्याचं पत्र आलं. प्राध्यापकांनी आपलंच गवत कुंडीत लावून घेतलं होतं, मीच ठोंब पाठवले होते. काचेच्या मोठ्या हंडीखाली ती कुंडी ठेवून आतली हवा लोणारी कोळशातून ओढली आणि कोळशाचं वजन किती वाढलं ते पाहिलं. त्यांच्या मते हवेत जातं ते आपल्या वजाबाकीपेक्षा बरंच जास्त होतं. त्यांनी लिहिलं: 'तुमच्या सकाळच्या तेलातून काहीतरी नाहीसं होत आहे. भट्टीवाला विश्वासातला आहे का?'

त्या पत्रात तुमचं नाक खरं ठरलं होतं, चाचा. मी मिठाई घेऊन यायला हवं होतं. पण माझ्या डोळ्यांना तेवढी शेवटची ओळच दिसली. चार वर्षांचं काम, त्यांच्या जगाच्या अंदाजात आपला आकडा जाणार होता, आपल्या टेकडीचं नाव जाणार होतं, आणि आता सगळं बुडणार म्हणून माझं डोकं फिरलं. रविवारी आलो. हंगामातली शेवटची देग चालू होती. मी उभ्या-उभ्या पत्र वाचून दाखवलं, ती ओळसुद्धा, आणि विचारलं, "चाचा, सकाळचं तेल कुठं जातं?"

तुम्ही एकदा मला सांगितलं होतं, तेल टिपता टिपता, मान वर न करता, की निजामावरच्या पोलीस ॲक्शननंतरच्या दिवसांत माणसं तुमच्या घरात शिरली होती. कुठली माणसं ते तुम्ही सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही. त्यांनी कणग्या उलट्या केल्या, देगा ओढ्यात फेकल्या, आणि दोन दिवस एकच विचारत राहिली: कुठं ठेवलंय? काय ठेवलंय ते त्यांनाही माहीत नव्हतं. तेव्हापासून कोणी 'कुठं' म्हणून विचारलं की माझं तोंडच मिटतं, असं तुम्ही म्हणाला होता. हे मला ठाऊक होतं. ठाऊक असून मी तोच प्रश्न विचारला, तसाच उभा राहून.

तुम्ही पळी खाली ठेवलीत. "माज्या भट्टीतून थेंब जात न्हाय," तुम्ही म्हणालात. "या आता मास्तर."

मी आलो निघून. आणि आता अजून एक गोष्ट सांगतो, कारण ती तुमच्या कानावर गेली असणारच. पुण्यानं आपला आकडा भरवशाचा नाही म्हणून गाळल्याचं कळलं, तेव्हा मी शिक्षकांच्या खोलीत सगळ्यांसमोर म्हणालो, की तेलवाल्यांचं काही सांगू नका, त्यांचं काय खरं आणि काय खोटं. दोघं-तिघं हसले. मीही हसलो. ते हसू आठवलं की आज माझीच मला किळस येते. पण तुम्हीही काय केलंत? आठवडी बाजारात समोर आलात की माझ्या सायकलीकडं बघायचात आणि वाट बदलायचात. एकदा तरी शिवी द्यायची होती. मी भांडलो असतो, भांडता भांडता खरं बाहेर आलं असतं. भांडणात आपण दोघंही पटाईत होतो. गप्प बसण्यात मात्र तुम्ही मला हरवलंत.

तुम्ही गेल्याचं मला सायकलच्या दुकानात कळलं. हवा भरता भरता तो म्हणाला, भट्टीवाले लतीफभाई गेले, तीन दिवस नुसता ताप होता. मी तसाच कब्रस्तानात आलो. मागं उभा राहिलो. सगळ्यांनी तीन-तीन मुठी माती टाकली, मीही टाकली. तेव्हा मला रडू आलं नाही. तेव्हाही मनात एकच होतं, की आता हा माणूस मला कधीच सांगणार नाही.

आज जेवणं झाल्यावर चाची स्वतःहून म्हणाल्या, भट्टीवर चला, त्यांनी तुमच्यासाठी काही ठेवलंय. चुलाणाच्या मागं, जिथं सरपण रचलेलं असतं, तिथली लाकडं त्यांनी स्वतःच्या हातांनी बाजूला केली. मागच्या भिंतीवर कोळशाच्या उभ्या रेघा होत्या. ओळीखाली ओळ. प्रत्येक ओळीच्या सुरवातीला खिळा आणि खिळ्याला पांढरा दोरा.

पांढरा दोरा म्हणजे सकाळ, एवढं मला कळलं. बाकी कळेना. चाचींनी सांगितलं ते मी त्यांच्याच शब्दांत लिहितो, कारण माझे शब्द वापरायची माझी लायकी नाही.

"पहिल्या देगंची पहिली वाटी दर्ग्याची असती मास्तर. त्यांच्या उस्तादापासनं तसंच हाय. रोज फजरला, पहिलं तेल तरंगलं की वाटी भरायची, फडकं झाकायचं, आन् म्या घिऊन जायची. मुजावर जुमेरातीला म्हाताऱ्या माणसांना हातापायाला लावायला वाटतो."

मी विचारलं, ते तेल चाचा कधी मोजत नव्हते?

"ते आमचं कवा हुतं मोजायला?"

रोज सकाळी एक वाटी. दुपारच्या देगेतून नाही, फक्त पहिल्या देगेतून, म्हणजे फक्त पांढऱ्या दोऱ्यातून. चार वर्षं तुम्ही माझ्या डोक्यावर बसलात की आकडा कमी आहे, कमी आहे, आणि चार वर्षं रोज पहाटे तुम्हीच तो वाटीनं कमी करत होता! तुमच्या मनातसुद्धा आलं नाही. मी मोजायला दिलेलं तेल म्हणजे तुमचं तेल, आणि ती वाटी तुमची कधी नव्हतीच, मग ती बाटलीत कशी येणार? चाचा, एवढी मोठी चूक इतक्या सरळ मनानं फक्त तुम्हीच करू शकत होता. मी तिथं भिंतीपुढं मोठ्यानं हसलो. चाची घाबरल्या.

आणि मग तुम्हाला समजलं, हे मला सगळ्यात जास्त लागतं. माझ्या त्या घाणेरड्या प्रश्नानंतर, कधीतरी, एकटेच बसून तुम्हाला समजलं. चाची सांगत होत्या, की या हंगामात पहिल्याच दिवशी तुम्ही सोनाराकडून जुना काटा मागून आणलात. रोज ती वाटी दर्ग्यात जायच्या आधी तोलायची आणि वजन जेवढे मासे भरेल तेवढ्या रेघा भिंतीवर ओढायच्या. ताप चढला त्या सकाळपर्यंत. शेवटच्या ओळीतल्या रेघा वाकड्या आहेत.

मी चाचींना विचारलं, मग मला का नाही सांगितलं? निरोप का नाही पाठवला?

"दिलेलं बोलून दाखवलं तर ते दिलं कुठं, म्हणायचे. मास्तर एक ना एक दिवस यील, भिंत बघंल, त्याला हिशोब येतो."

नाही चाचा, हे मला मान्य नाही. तुमच्यात बसतं म्हणून माझ्यात बसायला पाहिजे असं नाही. एवढ्या रेघा ओढायला हात चालला आणि एक वाक्य बोलायला तोंड चाललं नाही? मी येईन म्हणून वाट बघत राहिलात, आणि मी तुम्ही बोलवाल म्हणून. दोघंही वाट बघत असताना तुम्ही मधूनच उठून गेलात. याला काय म्हणायचं? तुमच्या भाषेत देणं असेल. माझ्या भाषेत ही तूट आहे, आणि तो शब्द या एका जागी मी खोडणार नाही.

तिथंच सरपणावर बसून मी पेन्सिलीनं हिशोब केला. भिंतीवरच्या रेघांवरून एका वाटीत सरासरी किती ते काढलं, चारही वर्षांच्या सकाळच्या तेलात मिळवलं, आणि पुन्हा वजाबाकी केली. पुण्याच्या काचेच्या हंडीतला आकडा आणि तुमच्या भट्टीचा आकडा शेजारी-शेजारी आले. शाळेच्या काट्याला त्यातला फरक दाखवता येणार नाही इतके जवळ. आता तोच आकडा आफ्रिकेच्या आणि ब्राझीलच्या चौकोनांवर चढेल आणि जगाचा अंदाज चांगलाच फुगेल. तुमचं नाक खरं होतं. तुमचा हात खोटा होता, आणि खोटा कशामुळं होता ते सांगायला त्या प्राध्यापकांच्या वहीत रकाना नाही. उद्या त्यांना पत्र टाकतो आहे. त्यात पहिलं वाक्य हे असेल की भट्टीवाला विश्वासातला होता. मास्तरचं सांगता येत नाही. निबंध छापायचा असेल तर दोन नावांनी छापा, आणि तुमचं नाव आधी. शिक्षकांच्या खोलीतही उद्या बोलणार आहे, जेवढ्या मोठ्यानं तेव्हा बोललो होतो तेवढ्याच मोठ्यानं.

एवढ्यावर हे पत्र संपवून मी शांत झालो असतो. पण घरी आलो तर आई ओसरीवर पाय पसरून बसली होती. तिचे गुडघे तुम्हाला माहीत आहेत. रोज संध्याकाळी मी ते तेल लावून चोळतो, वर्षानुवर्षं, कोनाड्यातली निळी बाटली घेऊन. गुरुवारी, म्हणजे चाचींच्या जुमेरातीला, ती काठी टेकत दर्ग्यात जाते, येताना ती बाटली भरून आणते. त्या तेलाला रोशाचा वास येतो हे मला कधी निराळं वाटलं नाही. माझ्या कपड्यांना, वहीला, सायकलच्या मुठींना तोच वास होता. आज मी बाटली हातात घेतली आणि तिला विचारलं, हे तेल कुठलं?

"दर्ग्यातलं," ती म्हणाली. "लतीफभाईच्या भट्टीचं. दर्ग्यात दिसले की गुडघ्यांचं इचारायचे. तुला ठावं न्हवतं व्हय?"

काखेत कळसा आणि गावाला वळसा, ही म्हण मी पोरांना वाक्यात उपयोग करा म्हणून देतो.

तुम्हाला ठाऊक होतं, चाचा. मी तुमच्यापुढं ते पत्र फडकावत उभा होतो, तेल कुठं जातं म्हणून विचारत होतो, आणि तुम्हाला ठाऊक होतं. 'तुमच्या आईच्या गुडघ्यांना' एवढे तीन शब्द बोलायचे होते. मी जमिनीत गेलो असतो, पण मग वर आलो असतो, आणि तुमच्या पुढ्यात बसून चहा प्यालो असतो. तुम्ही ते तीन शब्द गिळलेत आणि मला 'या आता' म्हणालात. माझी लाज तुम्ही माझ्यापासूनच झाकलीत. तुम्हाला कोणी सांगितलं होतं?

मला तुमचा राग येतो. उद्याही येईल. पुढच्या हंगामात टेकडीवर गवत उभं राहील, ऊन चढेल, वास सुटेल, तेव्हा तर फारच येईल.

आई हाक मारते आहे, चोळायची वेळ झाली. निळ्या बाटलीत बोटभर तेल उरलं आहे. ते मी मोजलेलं नाही.